सूक्ष्म आरशांचा चित्रप्रक्षेपक : इतिहास, रचना आणि मराठी परिभाषा

नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांत छताला टांगलेली किंवा मेजावर ठेवलेली एक पेटी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. अध्यापक तिला 'प्रोजेक्टर' म्हणतात, विद्यार्थीही तेच म्हणतात. भाषा संचालनालयाच्या वळणाने लिहिणारा एखादा लेखनिक तिची नोंद 'प्रक्षेपक' अशी करतो. नावाचा प्रश्न येथवर सुटल्यासारखा दिसतो. परंतु पेटीचे झाकण उघडले की आपली भाषा एकाएकी मुकी होते. आतील एकाही महत्त्वाच्या भागाला आपल्याजवळ रुळलेला शब्द नाही, आणि त्या भागांमध्ये जे घडते त्याचे वर्णन करणारे एखादे सरळ वाक्यही सहसा ऐकू येत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे या मौनाकडे त्याचे लक्ष प्रथम गेले. मौनाचे कारण शोधताना यंत्राच्या इतिहासात आणि पुढे त्याच्या विद्युत्‌रचनेत शिरावे लागले. आणि तेथे जे आढळले ते परिभाषेच्या प्रश्नाइतकेच विचारात घेण्याजोगे वाटल्याने येथे मांडले आहे.

'प्रक्षेपक' या शब्दाविषयी आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला 'प्रक्षेप' म्हटले की आठवतो तो ग्रंथात मागाहून घुसडलेला मजकूर. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असल्या प्रक्षेपांपासून. तोच शब्द भिंतीवर चित्र फेकणाऱ्या यंत्राला लावला गेला यात चूक काही नाही, कारण दोन्हीकडे धात्वर्थ 'फेकणे' हाच आहे. तरीही शब्द घडवताना यंत्राची कृती कोणाच्या डोळ्यांसमोर होती की केवळ इंग्रजी पदाचे अवयव सुटे करून त्यांवर संस्कृत अवयव ठेवले गेले, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाला महाराष्ट्राच्या इतिहासात एक चांगला दृष्टान्त उपलब्ध आहे.

भिंतीवर प्रकाशाने चित्र पाडणारा 'मॅजिक लँटर्न' युरोपात सतराव्या शतकाच्या मध्यास अवतरला. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ मधील रेखाटनांपर्यंत त्याचा माग लागतो. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास आपल्या पुत्रांच्या साहाय्याने त्याचे जाहीर प्रयोग सुरू केले, आणि त्यांना नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी. 'जादूचा कंदील' या जोडनावातील दोन्ही पदांना संस्कृत वळणाची पदे योजून हे नाव सिद्ध केले आहे. आजच्या वाचकाला ते अवजड वाटेल, आणि ते अवजड आहेही. पण त्या नावापाठीमागे कर्ता होता. कंदील ही कल्पना परदेशी. काचांवरील चित्रे मात्र पटवर्धनांच्या घरात हाताने रंगवलेली, कथा रामायणासारख्या आपल्या परिचयाच्या, आणि प्रयोगाला निवेदनाची व संगीताची जोड. एकाहून अधिक कंदील वापरून, एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा झपाट्याने बदलत, ते चित्रांत हालचालीचा आभास निर्माण करीत. म्हणजे परक्या यंत्राच्या ज्या भागात चित्र घडते तो भाग त्यांनी आपल्या हाती घेतला होता. ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवले गेले, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

पुढचा इतिहास बहुश्रुत आहे. तो येथे थोडक्यात उरकतो. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि काचेची जागा फितीने घेतली. फितीच्या यंत्रात चित्र दर सेकंदाला २४ वेळा क्षणभर थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. सरकताना दिसू नये म्हणून मध्ये झडप येते. यात्रा-जत्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहांनी हे यंत्र महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेले. त्याची दुरुस्ती करणारे कारागीर आपल्याकडे निपजले. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात अशाच एका कारागिराने स्वतःच्या कल्पनेने बांधलेला प्रक्षेपक पाहावयास मिळतो. दातेरी चाक, झडप, भिंग, कमान हे सर्व डोळ्यांना दिसणारे व बोटांना कळणारे होते, म्हणून त्याला शब्द मिळाले. त्याच माहितीपटात फितीचे यंत्र जाऊन अंकीय प्रक्षेपक आल्याचेही दिसते. तेथे कारागिराचा हात थबकतो. हा खंड कशामुळे पडला हे समजण्यास नव्या यंत्राची घडण पाहिली पाहिजे.

अंकीय प्रक्षेपकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात द्रव-स्फटिकाच्या पटलातून प्रकाश आरपार जातो. दुसऱ्यात तो लक्षावधी सूक्ष्म आरशांवरून परावर्तित होतो. आपला विषय दुसरा. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या दिशेने काम आरंभिले. त्याची पहिली कल्पना अशी की, पातळ परावर्तक पटल विद्युत् दाबाने कमी-अधिक वाकवावे आणि जितके वाकेल तितका प्रकाश वळवावा. कल्पना सुबोध होती, पण लक्षावधी ठिकाणी पटल सारखेच वाकेल याची शाश्वती देता येईना. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याने प्रश्नच बदलला. आरसा किती वाकला याला महत्त्व न देता त्याला दोनच अवस्था दिल्या: या बाजूला कललेला किंवा त्या बाजूला कललेला. मधले काही नाही.

या बदलाची भाषिक खूण मोठी मनोरंजक आहे. जुन्या साधनाचे नाव 'डिफॉर्मेबल मिरर डिव्हाइस', नव्याचे 'डिजिटल मायक्रोमिरर डिव्हाइस'; आद्याक्षरे दोन्हीकडे 'डीएमडी' हीच राहिली. पहिल्या 'डी'चा अर्थ 'वाकणारा' होता तो 'अंकीय' झाला. म्हणजे एका अक्षराच्या आड सबंध तत्त्वांतर घडले. आपण हे नाव केवळ 'डीएमडी' असे उचलतो, तेव्हा त्या तत्त्वांतराचा इतिहास सीमेवरच राहून जातो.

या साधनाचा पहिला व्यापारी उपयोग चित्रासाठी झालाच नाही. १९९० च्या सुमारास ते विमानाची तिकिटे छापणाऱ्या यंत्रात बसवले गेले. प्रक्षेपक बाजारात आले १९९६ मध्ये, चित्रपटगृहातील जाहीर प्रक्षेपण १९९९ मध्ये झाले, आणि २०१५ मध्ये हॉर्नबेकला चित्रपट अकादमीचा ऑस्कर पुतळा मिळाला. तळहातावर मावणारे प्रक्षेपक शक्य करणाऱ्या लहान चिपा २००९ च्या आसपास विक्रीच्या वस्तूंत दिसू लागल्या. आपल्या वर्गखोल्यांतील पेटी पहिल्या पिढीची वंशज, आणि विद्यार्थ्याच्या खिशात जाणारी दुसऱ्या पिढीची.

आता यंत्राच्या आत जाऊ. उदाहरणासाठी ८५४ गुणिले ४८० आरशांची एक लहान चिप घेऊ. आरशांच्या क्षेत्राचा कर्ण सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतका. तेवढ्यात ४,०९,९२० आरसे. दोन शेजारी आरशांच्या मध्यांतील अंतर ५.४ मायक्रोमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीत दहा-बारा आरसे सहज मावावेत. प्रत्येक आरसा अल्युमिनियमचा, नाजूक बिजागरीवर तोललेला. त्याखाली विद्युत्‌ अग्रे, आणि त्याहून खाली सिलिकॉनमध्ये एक स्मृतिकोश. कोशात १ लिहिले की आरसा एका बाजूला कलून टेकतो व दिव्याचा प्रकाश भिंगाकडे पाठवतो. ० लिहिले की दुसरीकडे टेकतो व तोच प्रकाश आतल्या काळ्या शोषकाकडे जातो. पडद्यावरचा तो ठिपका पहिल्या स्थितीत उजळ, दुसऱ्या स्थितीत काळा.

मग करडा रंग कोठून आला? पटवर्धनांच्या काचेवर करडा रंग कुंचल्याने भरलेला होता. फितीवर तो चांदीच्या कणांच्या दाटीत होता. येथे आरशाला उजळ आणि काळा याखेरीज काही ठाऊक नाही. उत्तर कालात आहे. आरसा उजळ बाजूला किती वेळ राहिला यावर डोळा त्या ठिपक्याची उजळता ठरवतो, कारण या हालचाली डोळ्याच्या पकडीत येण्याइतक्या मंद नसतात. वेळेचे हे वाटप ज्या रीतीने होते तिची उपमा आपल्या जुन्या वाण्याच्या दुकानात सापडते. दशमान पद्धती येण्यापूर्वी तेथे शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी एकाहून एक निम्मी वजने असत, आणि ती पाच वजने घालून-काढून छटाकाच्या पटीतले कोणतेही माप एकतीस छटाकांपर्यंत पुरे करता येई. प्रक्षेपकात अशी आठ वजने आहेत; मात्र ती लोखंडाची नसून काळाची आहेत.

हिशेब असा. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. म्हणून एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६,६६७ मायक्रोसेकंद. लहान प्रक्षेपकात लाल, हिरवा व निळा हे तीन दिवे आळीपाळीने लागतात. समान वाटणी धरली तर प्रत्येक रंगाला सुमारे ५,५५६. उजळतेच्या पायऱ्या ० पासून २५५ पर्यंत. म्हणून सर्वांत लहान वजन ५,५५६ भागिले २५५, म्हणजे जवळजवळ २२ मायक्रोसेकंद. त्याची दुप्पट, चौपट करीत गेले की आठवे वजन २,७८९ मायक्रोसेकंदांचे येते. एखाद्या ठिपक्याची उजळता १०० हवी असेल तर ६४, ३२ आणि ४ ही तीन वजने टाकायची. त्या तीन कालखंडांत आरसा उजळ बाजूला, उरलेल्या पाचांत काळ्या बाजूला. प्रत्यक्ष यंत्रात रंगांची फेरी याहून जलद फिरवतात व मोठी वजने तुकडे करून विखुरतात. नाहीतर नजर हलवताच पांढऱ्या आकृतीच्या कडांना इंद्रधनुष्य फुटलेले दिसते. पण मूळ तत्त्व हेच.

येथे रचनाकारापुढे पहिली खरी अडचण उभी राहते. प्रत्येक वजनासाठी सर्व ४,०९,९२० आरशांना नवी आज्ञा द्यावी लागते. तीन रंग, प्रत्येकी आठ वजने, सेकंदाला ६० चित्रे: दर सेकंदाला १,४४० आज्ञापत्रके, म्हणजे सुमारे ५९ कोटी एक-शून्ये. हेही एक वेळ सोपे; पण सर्वांत लहान वजन २२ मायक्रोसेकंदांतच संपते, आणि आरशाला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाऊन स्थिर होण्यास लागणारा काळ त्याच कोटीतला आहे. तेवढ्यात सबंध चिप पुन्हा लिहिणे फार कष्टाचे. हॉर्नबेकच्या रचनेतील चातुर्य या ठिकाणी प्रत्ययास येते. आरसा एकदा टेकला की वरून दिलेला एक स्थिर दाब त्याला तेथेच धरून ठेवतो; तो धरलेला असताना खालच्या स्मृतिकोशात पुढची आज्ञा लिहून घेता येते. खालची आज्ञा बदलली तरी आरसा हलत नाही. सर्व लिखाण झाले की एक विद्युत् स्पंद येतो, पकड सुटते, आणि सारे आरसे एकाच वेळी नव्या आज्ञेप्रमाणे वळतात. आज्ञा देणे आणि आज्ञा पाळणे यांत असा काळाचा विसावा ठेवल्यामुळेच हे यंत्र शक्य झाले. मोठ्या चिपांत आरशांचे गट पाडून गटवार वळवण्याची युक्तीही वापरतात.

आणखी एक बारकावा. दूरचित्रवाणीच्या जुन्या काचनळीचा प्रकाश दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे, आणि चित्रसंकेताची मांडणी त्या दोषाला धरूनच रूढ झाली. काचनळी गेली, मांडणी राहिली. आरसे मात्र काळाच्या सरळ प्रमाणात प्रकाश देतात. म्हणून नियंत्रक चिपेला येणाऱ्या प्रत्येक आकड्याचे आधी भाषांतर करावे लागते, आणि त्या भाषांतरात गडद छटांना आठ वजने अपुरी पडतात. मग शेजारच्या ठिपक्यांत किंवा लागोपाठच्या चित्रांत छटा शिंपडून मधल्या पायऱ्यांचा भास निर्माण करतात. भाषेत ज्याप्रमाणे लुप्त झालेल्या उच्चाराची खूण लेखनात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते, तसाच हा प्रकार आहे.

लहान प्रक्षेपकाची खरी परीक्षा मात्र चित्रात नसून वीजपुरवठ्यात होते, आणि हा भाग मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला विशेष जवळचा वाटावा. आपण उदाहरणाला घेतलेल्या वर्गातील चिपेला तर्कमंडलांसाठी १.८ व्होल्ट लागतात. पण आरशांसाठी १८ व्होल्ट, १० व्होल्ट आणि उणे १४ व्होल्ट असे आणखी तीन दाब लागतात. बॅटरीच्या तीन-चार व्होल्टांपासून हे सर्व तयार करणे हे एका स्वतंत्र चिपेचे काम. त्यांचा क्रम ठरलेला असतो: तर्कमंडले आधी जागी व्हावीत, मग आरशांचे दाब चढावेत; चढताना १८ आणि १० यांतील अंतर मर्यादेबाहेर जाऊ नये. बंद करताना नियम याहून कडक आहे. आधी सर्व आरसे बिजागरीच्या मूळ ताणावर सपाट होऊ द्यावयाचे, मग दाब उतरवावयाचे. आरसे टेकलेल्या अवस्थेतच वीज एकाएकी नाहीशी झाली, आणि असे वारंवार होऊ लागले, तर चिपेचे आयुष्य घटते. आरसे चिकटून बसण्याचा धोका संभवतो. चिकटलेला आरसा म्हणजे पडद्यावर कायमचा पांढरा किंवा काळा ठिपका.

'भारनियमन' हा शब्द या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या जिल्ह्यांतील आबालवृद्धांच्या तोंडी बसला. वीज पूर्वसूचनेशिवाय जाणे हा ज्या प्रदेशाचा नित्याचा अनुभव होता, तेथे वापरावयाच्या प्रक्षेपकात शेवटच्या काही सहस्रांश सेकंदांची तरतूद हा गौण मुद्दा राहत नाही. तरतूद साधीच आहे. दाब घसरू लागल्याचे ओळखणारे एक मंडल आणि तेवढा वेळ पुरेल इतका विद्युत्‌भार साठवणारे धारित्र. उदाहरणादाखल, मंडल अर्धा अँपिअर प्रवाह घेत आहे, दाब ५ वरून ४ व्होल्टपर्यंत घसरलेला चालतो, आणि आरसे सपाट करून सर्व आवरण्यास २ सहस्रांश सेकंद राखून ठेवायचे आहेत असे धरू. प्रवाह गुणिले काळ, भागिले घसरण: उत्तर १,००० मायक्रोफॅरड. बाजारात सहज मिळणारे हे धारित्र. पण पेटी पातळ करण्याच्या हव्यासात पहिली कात्री यालाच लागते, कारण ते उंच असते. शिवाय त्याच क्षणी दिवे तत्काळ विझवले पाहिजेत. साठवलेल्या विजेवर पहिला हक्क आरशांचा.

उष्णतेचा प्रश्नही असाच स्थानिक आहे. आरसा दिवसाचा बहुतेक वेळ एकाच बाजूला टेकून राहिला तर बिजागरीला त्या बाजूची सवय जडते आणि तो सरळ होताना कुचराई करू लागतो. उष्णता जितकी अधिक, तितकी ही सवय लवकर जडते. म्हणूनच अशा चिपांच्या तपमानाची मर्यादा ४० ते ७० अंश सेल्सिअस अशी हलती दिलेली असते, आणि आरसे दोन्ही बाजूंना किती समान वेळ घालवतात यावर ती अवलंबून असते. नांदेडला मे महिन्यात वर्गातील हवाच ४० अंशांच्या वर असते, आणि चिप त्या हवेपेक्षा थंड राहू शकत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे हा आपल्या व्याख्यानांचा नित्याचा प्रकार, म्हणजे बहुसंख्य आरसे तासभर उजळ बाजूलाच. लाल एलईडीचा प्रकाशही तापल्यावर हिरव्या-निळ्याहून अधिक घटतो, त्यामुळे दुपारच्या तासाला चित्र निळसर दिसू लागते. तीन दिव्यांचे प्रवाह वेगवेगळे सांभाळणारे मंडल नसेल तर ते तसेच राहते. थंड प्रदेशात लिहिलेली पुस्तिका या सर्व गोष्टी सांगते. पण कशावर किती भर द्यावयाचा हे स्थळच ठरवते.

या रचनेत आपला हात कोठवर पोचतो, हे स्पष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. आरशांची चिप बनवण्याचे सामर्थ्य आपल्या प्रदेशात नाही. नियंत्रक चिपही विकत घ्यावी लागते. तिच्या तळाशी असलेल्या कथलाच्या गोळ्यांतील अंतर ०.४ मिलिमीटर असते, त्यामुळे हाताने डाख लावणारा कुशल कारागीरही तेथे निरुपाय होतो. शिवाय कंपनीचे सांगणे असे की, आरशांची चिप आपल्याच नियंत्रकासह वापरावी, अन्यथा तिच्या टिकाऊपणाची हमी नाही. आणि काळाच्या वजनांचा क्रम त्या नियंत्रकात बंदिस्त स्वरूपात येतो. पटवर्धनांनी जो भाग आपल्या हाती घेतला होता, नेमका तोच येथे कुलूपबंद आहे. तरीसुद्धा वीजपुरवठा, दिव्यांचे नियमन, उष्णतेची वाट, चित्रसंकेताची जोडणी, वीज जातानाचा क्रम हे सर्व मोकळे आहे. २०१७ मध्ये त्याच कंपनीने ६४० गुणिले ३६० आरशांची एक प्रयोगपट्टी विक्रीस आणली. ती बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणकाला जोडता येते, आणि २४ तारांवरून चित्रसंकेत तर दोन तारांवरून आज्ञा स्वीकारते. अभियांत्रिकीच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील ही सामग्री आहे. विष्णुपुरीत आपल्या विद्यापीठापासून जवळच १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातुरातही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेव्हा परिभाषेचा विचार करणाऱ्यांना शेजार दुर्मीळ नाही.

शेजाराची आठवण मुद्दाम दिली, कारण कोशकार आणि कर्ता यांची फारकत झाली की काय होते हे मराठवाड्याने एकदा पाहिले आहे. १९४८ पूर्वी नांदेड हा निजामी राज्यातील जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. येथील विद्यार्थ्याचे उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात होई, आणि ते उर्दूत. त्यासाठी १९१७ मध्ये एक भाषांतर विभागच स्थापन झाला होता. पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंत ग्रंथ उर्दूत आले. वीज 'बर्क' झाली, परावर्तन 'इनइकास' झाले. त्या उद्योगाची भव्यता नाकारण्याचे कारण नाही. पण राज्य गेले, शिक्षणाचे माध्यम बदलले, आणि तो शब्दसंग्रह आपल्या जिल्ह्यांच्या बोलीत जवळजवळ कोठेच उतरलेला नाही असे दिसले. उलट 'ऐना' हा फारसी शब्द कोणत्याही मंडळाने न शिकवता मराठीत नांदतो, कारण तो भिंतीवर टांगलेला होता.

आरशाला आपल्याकडे तीन शब्द आहेत. 'ऐना' एक, 'दर्पण' दुसरा, जो १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांच्या पत्राच्या माथी चढला आणि ग्रांथिकच राहिला, आणि 'आरसा'. संस्कृत 'आदर्श' याचे प्राकृतातून झिजून आलेले हे रूप. ज्ञानेश्वरीत ते 'आरिसा' असे आहे. मूळ 'आदर्श' मराठीत पुन्हा आला तो अनुकरणीय या अर्थाने, आणि पाहण्याचे काम झिजलेल्या भावाकडेच राहिले. परिभाषा करणारे बहुधा 'अंकीय सूक्ष्मदर्पण प्रयुक्ती' असे काही सुचवतील. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. प्रस्तुत लेखकाचा कल 'सूक्ष्म आरसा' याकडे आहे, कारण समास लांबला की विद्यार्थी आद्याक्षरांकडे पळतो आणि पुन्हा 'डीएमडी'च उरते.

परंतु नामांवर वाद घालण्यात आपण फार शक्ती खर्च करतो. या यंत्राचे मर्म क्रियापदांत आहे, आणि तेथे मराठी मुळीच दरिद्री नाही. आरसा कलतो, टेकतो, सुटतो, वळतो, चिकटून बसतो. दाब चढतो, उतरतो, धरून ठेवतो. बिजागरीला सवय जडते. यांतले एकही घडवावे लागले नाही. आरसे सपाट करून यंत्र थांबवण्याच्या क्रियेला इंग्रजीत वाहन उभे करण्याचे क्रियापद लावतात. मराठीत 'निजवणे' त्याहून समर्पक ठरावे, कारण आडवे करणे आणि काम थांबवणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र येतात. 'वीज गेली की आधी दिवे विझतात, मग आरसे निजतात, मग दाब उतरतात': या वाक्यातील प्रत्येक शब्द लातूरच्या बाजारपेठेतील कोणालाही समजेल, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ते नीट ऐकले तर किती मायक्रोफॅरडचे धारित्र बसवायचे हा हिशेब त्याला त्याच वाक्यावरून सुरू करता येईल.